पाच फूट आठ इंचाचे बूट

मंडळी, एकच विचारतो. जिममधलं लोखंड जड, की समोरच्याची नजर जड? मागं तरुण मंडळी बसलीत, खांदे बघा केवढाले — तुम्ही सांगा. नाही? मग ऐका.

एका तालुक्याच्या गावी धैर्यशील नावाचा मुलगा. अंगानं भरलेला, उंचीला बेताचा. दंड बघून खूश व्हायचा, मित्रांच्या शेजारी फोटोला उभं राहायची वेळ आली की चुळबुळ सुरू. त्यात कुणीतरी सांगितलं, "लहानपणी वजनं उचललीस, म्हणून खुंटलास." झालं! जेवताना तेच, झोपताना तेच. आता शास्त्र काय म्हणतं? हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते, ती वयानुसार मिटते. नीट शिकून वजन उचललं म्हणून ती लवकर मिटत नाही, आणि मिटल्यावर बारला लोंबकळून उघडत नाही. पण ऐकतो कोण?

तशात मुलगी बघायला जायचं ठरलं. मामांनी परस्पर उंची सांगून टाकली — पाच फूट आठ इंच. हा जेमतेम पाच पाच. मग ह्यानं बूट आणले, टाचेखाली जाड कॉर्क भरलेले. गाडीतून उतरला तो ऐटीत, आणि दारात थबकला. एवढी तयारी केली, पण आपल्याकडं बूट दाराबाहेर काढतात हेच विसरला.

मुलीचे वडील म्हणाले, "या, आत या."

"नको, इथं बरंय. हवा चांगली आहे."

आई दबक्या आवाजात म्हणाली, "धैर्या, लोक बघतायत."

हा कमरेवर हात ठेवून उभाच. देवही तसाच उभा आहे विटेवर, पण त्याला भक्तानं थांब म्हटलं म्हणून. ह्याला सगळे ये म्हणतायत, तरी हा हलेना. आत गेलो तर खोटा ठरणार, परत फिरलो तर वेडा ठरणार. घाम फुटला.

तेवढ्यात मुलगीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. केतकी. खांदे पाडून, मान खाली, पाठीला पोक. जिममध्ये नव्या पोरांना रोज सांगायची सवय, ह्याच्या तोंडून निसटलं — "पाठ सरळ ठेवा. मणक्याला त्रास होईल."

ती हळूच म्हणाली, "आईनं वाकून चालायला सांगितलंय. सरळ झाले तर तुमच्यापेक्षा उंच दिसेन."

हा खाली बसला, नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले आणि उभा राहिला. म्हणाला, "आता व्हा सरळ."

ती सरळ झाली. ह्याचं डोकं तिच्या कानापाशी.

"पाच आठ कुठं गेले?"

"बुटात राहिले."

ती हसली. "या आत," म्हणाली, आणि ताठ चालत पुढं झाली.

लग्न जमलं का? तिनं विचार करायला वेळ मागितलाय. तो अजून फोनकडं बघत बसतो, जीव टांगणीला. पण मंडळी, उंची फुगवून सांगणारे मामा कोण? मुलीला वाक म्हणणारी आई कोण? अहो, इकडं तिकडं बघू नका. आज घरी गेल्यावर मुलगा आरशापुढं उभा दिसला, तर जवळ जा. विचारा, "काय शोधतोयस रे?" आणि तो बोलेपर्यंत तिथून हलू नका. देवाचं नाव त्यानंतर घेतलंत तरी चालेल.