कौतुकात बुडालेली मजुरी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगमणी, तुम्हीही हात मोकळे करा. नाम पोटभर घेऊन झालं, आता थोडा वेळ मला एकट्याला बोलू द्या. आणि गोष्ट रंगात आल्यावर जो उठून जाईल, त्याचं नाव घेऊन मी बोलणार — माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे!

मला एक सांगा. एखाद्याकडून काम करून घेतलं, पैसे दिले नाहीत, आणि त्या कामाला 'सेवा' असं नाव दिलं — तर पुण्य कुणाला? करणाऱ्याला, की करवून घेणाऱ्याला? बोला की! चहाच्या टपरीवर तर साऱ्या जगाचा निवाडा करता. हे पुढं बसलेले आजोबा बोट वर करतायत — म्हणजे देवाला माहीत. पळवाट चांगली आहे आजोबा, पण आज ती बंद ठेवलीय.

ऐका तर मग. गोष्ट राजाराणीची नाही. गेल्या वर्षीची आहे, तुमच्याच गावची आणि याच मंडपातली. आं? काहीजण आत्ताच एकमेकांकडं बघायला लागले! अध्यक्ष भाऊसाहेब टेमघरे, तुम्ही मान खाली घालू नका. गोष्ट अजून तुमच्यापर्यंत आलेली नाही.

गेल्या वर्षी तुमच्या कमिटीनं ठरवलं की भंडाऱ्याचा स्वयंपाक आता लाकडावर नको. पाच हजार पान, सात चुली आणि धूर असा की आचाऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी आमटीत पडायचं! म्हणून देवळामागं सात मोठ्या शेगड्या बसवायच्या, सिलिंडर लांब पत्र्याच्या खोलीत ठेवायचे, आणि तिथून शेगड्यांपर्यंत लोखंडी पाइपनं गॅस आणायचा. विचार उत्तम. आता हे करणार कोण? तर वेशीजवळ ज्याचं दुकान होतं, तो गोरख पांचाळ.

हा गोरख म्हणजे गिझर आणि शेगड्या दुरुस्त करणारा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आयटीआय केलेला माणूस. पुण्यात नऊ वर्षं गॅसच्या लाइनी टाकल्या त्यानं, परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलं. म्हातारी आई आजारी पडली म्हणून गावी आला आणि इथंच राहिला. तुमच्या गावात इतका शिकलेला हात आणि तुम्ही त्याला काय म्हणायचात? 'ए गॅसवाला'!

त्याची काम करायची पद्धत सांगतो. पाइपाचा एक एक जोड आवळून झाला की तो एका वाटीत साबण कालवायचा. दाढीचा ब्रश घ्यायचा आणि त्या जोडाला असा फेस लावायचा, की जणू नवरदेवाची दाढी करतोय! मग समोर उकिडवा बसून बघत राहायचा. बुडबुडा आला तर गॅस झिरपतोय, नाही आला तर जोड पक्का. बेचाळीस जोड होते. आणि तुम्ही-आम्ही घरी काय करतो? वास आला की काडी ओढून बघतो — हसू नका, हे ज्यांनी केलंय तेच मोठ्यानं हसतायत!

एकेचाळीस जोड पक्के निघाले. बेचाळिसाव्याला बराच वेळ काही नाही, आणि मग मोहरीएवढा एक बुडबुडा. कमिटीतले एकजण म्हणाले, एवढ्याशानं काय होतंय, राहू दे. गोरखनं ती अख्खी लाइन खोलली आणि पुन्हा पहिल्यापासून जोडली. सहा दिवस खपला तो, सातही शेगड्या निळ्या जाळानं पेटल्या, आणि तुम्ही लापशी खाल्लीत, ढेकर दिलीत, घरी जाऊन झोपलात.

आता या सहा दिवसांच्या आतली गोष्ट ऐका. ही मला गोरखनंच सांगितली, पण खूप उशिरा. त्याचं दुकान चालेना झालं होतं. काम नव्हतं असं नाही. काम होतं, मजुरी नव्हती! गिझर दुरुस्त झाला की बाई म्हणायची, पाच मिनिटांचं तर काम, शंभर कसले घेतोस? मास्तर म्हणायचे, पुढच्या वेळी बघू. कुणी म्हणायचं, आपण एका गावचे ना? आणि तोच मास्तर दवाखान्यात डॉक्टर दोन मिनिटं नाडी बघतो तेव्हा म्हणतो का, की दोन मिनिटांचे पाचशे कसले? तिथं कशी गुपचूप नोट निघते!

तर गोरखला एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून पत्र आलं होतं. गेटवर वॉचमन म्हणून. भंडारा शनिवारी, हजर व्हायचं सोमवारी. शालनला, आपल्या बायकोला, तो म्हणाला होता, की या देवळाच्या कामाची बरोबर मजुरी मिळाली तर पत्र फाडतो आणि दुकान ठेवतो. नाही मिळाली, तर पाना-पकडी माळ्यावर टाकतो. बघा मंडळी, तुमची लापशी शिजत होती त्या जाळावर एका माणसाची विद्या टांगलेली होती. आणि कुणाला पत्ता नव्हता.

मजुरी ठरली नव्हती का? नाही! भाऊसाहेब, आता गोष्ट तुमच्यापर्यंत आली. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, देवाचं काम आहे गोरख. झालं. देवाचं नाव निघाल्यावर गरीब माणूस भाव कसा सांगणार? मंडपवाल्यानं मात्र सांगितला, लाइटवाल्यानं सांगितला, घोड्यावाल्यानंसुद्धा आगाऊ घेतला. तेही देवाचंच काम होतं ना? की घोडा देवाचा आणि गॅस सैतानाचा? गोरखनं मनाशी ठरवलं, काल्याचं कीर्तन झालं की भाऊसाहेबांना गाठायचं आणि सरळ सांगायचं. काय बोलायचं ते वाक्य तो घरून पाठ करून आला होता.

आणि मग माती कुणी खाल्ली? भाऊसाहेबांनी? नाही. त्यांना एवढं जमत नाही! माती खाल्ली ती या उभ्या असलेल्या माणसानं. काल्याचं कीर्तन माझं होतं. सुरू करायच्या आधी कुणीतरी कानात सांगितलं, महाराज, गॅसचं काम गोरखनं फुकट केलंय, दोन शब्द बोला. मी कशाला विचारतोय खरं की खोटं? मला माइक दिसला की भरतं येतं! मी म्हणालो, धन्य तो गोरख, धन्य त्याची माउली, निष्काम सेवा काय असते ती या लेकराकडून शिका. पाऊण तास बोललो. बायांच्या डोळ्यांना पदर लागले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मग त्याला पुढं बोलावून शाल, नारळ, टोपी. तेव्हा काढलेल्या फोटोत मी आहे, भाऊसाहेब आहेत आणि मधे गोरख आहे. सगळे हसतायत, मधला सोडून.

आणि मी हे निष्कामाचं पुराण सांगत होतो तेव्हा माझ्या बंडीच्या खिशात बिदागीचं पाकीट होतं. आकडा मी फोनवर तीन वेळा पक्का करून घेतला होता. घ्या, हसून घ्या! मला हसायचा आज तुम्हाला हक्कच आहे.

कीर्तन संपल्यावर गोरख पाया पडायला आला. वाकला, उठला, आणि हळू आवाजात म्हणाला, "महाराज, तुम्ही आज माझं एवढं कौतुक केलंत, की आता मला पैसे मागता येत नाहीत."

मला वाटलं, पोरगा विनोद करतोय! मी हसलो, हातावर खडीसाखर ठेवली आणि पुढच्याला आशीर्वाद द्यायला लागलो. सोमवारी गोरख गेटवर हजर झाला.

वर्ष गेलं. वेशीजवळच्या दुकानाला कुलूप आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. का आहे, हे एकानंही विचारलं नाही. आता यंदाचा भंडारा आला. पाइप वर्षभर उन्हापावसात पडलेला. कमिटीनं कुठून तरी एक विहिरीच्या मोटारी बसवणारा आणला, त्यानं दोन जोडांना चिंध्या गुंडाळल्या आणि वर दोरी बांधली. आचारी आला, त्यानं नाक वर करून वास घेतला आणि काडीपेटी भाऊसाहेबांच्या हातात देऊन म्हणाला, पहिली शेगडी अध्यक्षांनी पेटवावी, मान त्यांचा आहे. भाऊसाहेब, त्या दिवशी तुम्ही मान घेतला नाहीत असं ऐकलं! तुम्ही मला फोन लावलात. म्हणालात, महाराज, गोरख तुमचं ऐकेल.

मी त्याच्या कारखान्याच्या गेटवर गेलो. गोरखच्या गळ्यात शिट्टी, अंगात दोन माप मोठा निळा सदरा, हातात वही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत होता. मला बघितल्याबरोबर उठला आणि बसायला आपली खुर्ची दिली. सगळी हकिगत त्यानं तिथं सांगितली, शालनला काय बोलला होता त्यासकट. रागावून नाही हो, भाजीचा भाव सांगावा तसं. मी म्हटलं, "गोरख, इथं तुझ्या विद्येचा काय उपयोग?"

तो म्हणाला, "काही नाही. पण इथं कुणी कौतुक करत नाही महाराज. एक तारखेला पगार होतो."

मंडळी, पस्तीस वर्षं कीर्तन करतोय. एवढ्या थोड्या शब्दांत कुणी मलाच कीर्तन ऐकवलं नव्हतं. मला तिथं त्या खुर्चीत बसायची लाज वाटली. मी उठून उभा राहिलो.

आता सांगतो पुण्य कुणाला ते. गोरखला नाही, कारण त्यानं दिलंच नव्हतं, आपण काढून घेतलं होतं. तुम्हाला नाही, कारण तुमचं काहीच गेलं नाही. कमिटीला नाही, आणि मला तर नाहीच नाही. सहा दिवसांची मेहनत, एवढी टाळी, एवढी शाल, आणि पुण्य कुणाच्याच पदरात नाही! देवानं ते कुठं ठेवायचं?

मी त्याला यंदा येशील का विचारलं. त्यानं एकच अट घातली. "ज्या माइकवरून कौतुक केलंत, त्याच माइकवरून माझी मजुरी सांगा." मी कबूल झालो.

गोरख तीन दिवसांची रजा काढून आला. चिंध्या सोडल्या, बेचाळीसच्या बेचाळीस जोड पुन्हा फेस लावून तपासले. आत्ता तो देवळामागं शेगड्यांपाशी उभा आहे. संध्याकाळच्या एसटीनं परत गेटवर जाणार आहे. तर ऐका, हा तोच माइक! गोरख पांचाळची मजुरी दिवसाला दोन हजार. गेल्या वर्षीचे दिवस सहा, यंदाचे तीन. गुणाकार तुम्ही करा. चांदीचे भाव बरोबर तोंडपाठ असतात तुमचे!

पण थांबा, तुमची सुटका एवढ्यावर नाही. भाऊसाहेबांकडं बघून हसणं सोपं आहे. मी गोरखला विचारलं, देवळानं दिले तर दुकान उघडशील का? तो म्हणाला, देऊळ वर्षातून एकदा, घरं रोज. मग सांगा, तुमच्यापैकी किती घरांत त्यानं दुरुस्त केलेला गिझर आहे? हात वर करा. लाजू नका काकू, आज गरम पाण्यानंच न्हाऊन आलाय तुम्ही! बघा, अर्धा मंडप वर झाला. आता ज्यांनी तो म्हणेल तेवढी मजुरी दिली, कटकट न करता दिली, त्यांनी हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.

हं. चार. त्यातले दोन हात लहान पोरांचे आहेत.

ते सर्टिफिकेट त्याच्या पेटीत पडलंय. ते पुन्हा दुकानाच्या भिंतीवर लागायचं की नाही हे देव ठरवणार नाही, मीही नाही. ज्यांचे हात आत्ता खाली गेले ते ठरवणार. उद्या तुमच्या घरात वास आला, तर मी येऊन अभंग म्हणेन. तेवढंच येतं मला.

काल्याची हंडी वर टांगलीय, दही पाझरायला लागलंय, पोरं कधीची खाली तोंड उघडून उभी आहेत. मला सगळं दिसतंय. पण हंडी फोडायची काठी मी हातात घेत नाही. माझं पाकीट यंदा माझ्या खिशात नाही, भाऊसाहेबांकडंच ठेवलंय, आधी त्यातून काढा, कमी पडले तर झोळी फिरवा. उठा भाऊसाहेब, मागं जा. आणि एवढं लक्षात ठेवा, त्याचं कौतुक करू नका. पाठीवर हात ठेवू नका, शाल घालू नका, देवाचं नाव काढू नका. पैसे त्याच्या हातात द्या आणि परत येऊन आपल्या जागेवर बसा. तोवर आम्ही सगळे इथं थांबतो.