ऑटिसच्या पुढे गेलेली गाडी

हॅलो?… हो, मीच. रोशेल का?… बरी आहे गं तुझी आई. … कंपनीनं तुला फोन केला? बिनड्रायव्हरची गाडी भर रस्त्यात थांबली म्हणून?… थांबली नाही, मी थांबवली. लाल बटण दाबून.

… नाही, आत नाही बसलेय. बाहेर उभी आहे, कापसाच्या शेताच्या कडेला. … ऊन आहे, कळतंय मला. चर्चची टोपी आहे डोक्यावर.

अगं ऐक ना… ऑटिसला पुरायला नेताहेत. पुढे शववाहिका, मागे युलेलीची गाडी, मग सगळं गाव, गाड्यांचे दिवे लावून. मी नंतरच्या जेवणासाठी केक घेऊन मागून येत होते, उशीर झालेला. तर ही गाडी सगळ्यांना ओलांडून पुढे आली! शववाहिकेलासुद्धा!… हो, पाहिलं ना युलेलीनं. खिडकीत माझं तोंड, मांडीवर केक. तिच्या नवऱ्याला मागे टाकून मी निघालेली!

… आधी नव्हती गं अशी. आपल्या चर्चच्या डीकनना पुरायला नेलं तेव्हा निमूट मागे मागे चालली होती. सोमवारी ते अपडेट आलं… ‘आता संथ वाहनांमागे अडकून पडणार नाही.’ तूच अटलांटाहून ‘हो’ दाबलंस. नवं म्हणजे चांगलंच, नाही का?

… बरं, नाही बोलत तुला. पण १९६२ साली माझ्या बाबांना नेलं तेव्हा… हो, हो, सांगितलंय, पुन्हा ऐक. याच रस्त्यावर ट्रक थांबले होते. एरवी आम्हा काळ्यांना वाट न देणारे गोरे ड्रायव्हर खाली उतरून उभे, टोप्या छातीशी. आणि माझा हात कुणी धरला होता? युलेलीनं.

… फुलं? चिठ्ठी? काही नको. मी इथे उभी दिसले पाहिजे तिला. … दुखू देत पाय. … ए, गप गं बाई!… तुला नाही, गाडीला. ‘कृपया आत बसा’, ‘कृपया आत बसा’, कधीची चाललीय!

आले… दिवे दिसले. … फोन ठेवू नकोस, पण बोलूही नकोस.

…

रोशेल… युलेलीची गाडी थांबली. अगं, मागची सगळी रांग थांबली. शववाहिकासुद्धा… ऑटिस थांबलाय माझ्यासाठी. … काच खाली करतेय ती.

काय म्हणतेस, युलेली?… केकसकट?… सरक मग तिकडे.

… हो गं, ठेवते आता, हिच्या शेजारी बसतेय. … माझी गाडी? येईल तिची ती. पुढे जायची घाई तिलाच होती.