सुनेनं आधी नमुना मागितला

शिवाप्पा, विश्वास कुणावर ठेवावा, पटकन उत्तर देणाऱ्यावर का थांबणाऱ्यावर?

आमच्या सुनेला कळंबच्या शाळेत इंग्रजी शिकवायला बोलावलं. हिला खरंच इंग्रजी येतं का, म्हणून मी मात्र अडून बसलो होतो. आपल्या धान्याच्या दुकानात व्यापाऱ्यांसमोरच तिला विचारलं, "‘वर्क’ हा शब्द नाम का क्रियापद?"

"वाक्य सांगा, मामा. त्याशिवाय कसं सांगू?"

"येत न्हाय म्हण की सरळ."

"फोनवर कुणी तुरीचा भाव विचारला तर तुम्ही काय म्हणता?"

"आधी नमुना दाखव म्हणतो," असं मीच बोलून बसलो. व्यापारी लई हसले.

सोमवारपासून ती शाळेत जातीय. दुकानाचा हिशेब तीच बघायची. आता त्या जागी तुम्ही बसा, फक्त हिशेब तिच्यासारखा खरा ठेवा.