हजेरीचे कागद

— नाही, तिथे नको, इकडे कूलरसमोर बस, उन्हातून आलीस. हं, तर काय विचारलंस, सोमवारी किती जण येतात? खरं सांगू? कुणी येत नाही. सहा आठवडे झाले, एक माणूस फिरकलं नाही. तुमच्या फाउंडेशनच्या कागदावर चाळीस लिहिलंय ना — तेव्हा चाळीसच यायचे, ते खोटं नाही. आया पोरांना घेऊन यायच्या. वारा सुटला की आटत चाललेल्या खाऱ्या तळ्याची धूळ घराघरात शिरते, पोरांच्या छातीत शिट्ट्या वाजतात — तर दम्याचा पंप कसा ओढायचा, वाफेचं मशीन कसं लावायचं, ते मी दाखवायचे. डॉक्टर नाही गं मी, वीस वर्षं शेतात लेट्यूस कापलंय. माझ्या लेकीचं सगळं बालपण दम्यात गेलं, तेवढीच माझी पदवी. कॉफी घे. दालचिनीची आहे. आणि हा गोड पावही घे, कालचा आहे — डझनभर आणायची सवय मोडत नाही, आणि खाणारं कोणी नाही.

नेलिदाला भेटून आलीस? असणारच, तिचं ऑफिस मोठं, तिथे एसी आहे. कोमाद्रे ती माझी, लेकीची धर्ममाता. बाप्तिस्म्याला माझ्या लेकीला तिनंच हातावर धरलं होतं — तुझी आई सीमेपलीकडची, मेक्सिकालीची म्हणालीस ना, मग तुला काय सांगायचं, सख्ख्या बहिणीशी भांडेन पण कोमाद्रेशी नाही. आमच्या मंडळाची नोंदणी नाही, अर्ज इंग्रजीत, तर तीच म्हणाली, माझ्या संस्थेच्या नावावर अनुदान घेऊ, तू माणसं सांभाळ, मी कागद सांभाळते. मला काय, सुटल्यासारखं वाटलं. मी तर चर्चमध्ये मेणबत्ती लावली तिच्या नावानं.

कागद म्हणजे काय, तर हजेरी. आलेल्यानं नाव लिहायचं, सही करायची — तुम्हाला डोकी मोजून लागतात ना. माझ्या बायका सहीला भितात, कुणाचा नवरा कागदपत्रांशिवाय आलेला, कुणाचा भाऊ — मी म्हणायचे, अगं, ही पावाची सही, यात तुझं काय जातंय? आणि करायच्या. माझ्या शब्दावर करायच्या. ओब्दुलियाला तर लिहिताही येत नव्हतं — ती इथून तिसऱ्या घरात राहते, नातवाला सांभाळते, एदेर, नऊ वर्षांचा, शाळेवर खराब हवेचा लाल झेंडा लागला की तो आठवडाभर घरी. फुलीच मारायची ती, आणि लाजायची. मग मीच तिला याच टेबलावर तीन सोमवार बसवून नाव लिहायला शिकवलं. पहिलं अक्षर एवढं मोठं काढते की बाकीची कोपऱ्यात दाटीवाटीनं बसतात.

मग सहा आठवड्यांपूर्वी ती सुनावणी झाली, लिथियमची. तळ्याकाठी जमिनीतलं कढत खारं पाणी उपसायचं, त्यातून बॅटऱ्यांचा माल काढायचा — मी विरोधात नाही बरं का, माझा भाचाच तिथे लागणार आहे, आणि स्वच्छ वीज कुणाला नको? पण कारखाना ओब्दुलियाच्या अंगणापासून अर्ध्या मैलावर. तर आम्ही ठरवलं, जायचं आणि एवढंच विचारायचं — धुळीचं काय, पाण्याचं काय. शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी, बायका इस्त्रीचे कपडे घालून आल्या होत्या. आणि कंपनीच्या माणसानं भिंतीवर कागद दाखवले — वर मथळा, प्रकल्पाला स्थानिकांचा पाठिंबा, दोनशे बारा सह्या. आणि खाली माझ्या सोमवारच्या बायका. एकेक ओळखीची सही. ओब्दुलियाचं ते पहिलं अक्षर भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढं.

नेलिदानं दिले ते. बदल्यात तिच्या संस्थेला प्रशिक्षण केंद्र मिळालं, पाटीही लागली. हॉलमध्ये मी तिच्याकडे पाहिलं तर ती फोनमध्ये डोकं घालून बसलेली. चोवीस वर्षांची कोमाद्रे, पोरी. घरात घेतलेलं माणूस असं करतं तेव्हा नुसता राग नाही येत — लाज वाटते, आपलीच. काय म्हणतेस, चोरले? चोरलेच म्हणायचे. म्हणजे — तिला मीच दिले, दर महिन्याला, फोल्डरमध्ये घालून. वरची ओळ कोरी ठेव म्हणाली होती, दोन-तीन ठिकाणचं अनुदान आहे, ज्याचा त्याचा मथळा मी छापून घेईन. मी ठेवली कोरी, अकरा महिने. कोमाद्रेला कोण विचारतं, का गं कोरी?

तेवढ्यात ओब्दुलिया माझ्याकडे वळली. सगळा हॉल ऐकत होता. म्हणाली, "हेर्मेलिंडा, हे मी कधी लिहिलं?" पुढच्या रांगेत तुमच्या फाउंडेशनच्या बाई बसलेल्या, माझ्या दुसऱ्या वर्षाचं अनुदान त्यांच्या हातात — आणि मी काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, "तूच कुठेतरी केली असशील सही. विसरली असशील." तिनं परत भिंतीकडे पाहिलं. मग मान हलवली. म्हणाली, "असेल. मला वाचता कुठे येतं."

नेलिदानं फसवलं हे मी गावभर सांगितलंय, पाद्र्यापुढेही सांगितलं. हे मात्र आज पहिल्यांदा तोंडून गेलं. तू तरी मध्ये काही बोलायचं होतंस.

काय लिहितेस? हे सगळं? खोड ते — नाही, राहू दे, असू दे. दुसऱ्या वर्षाचं पत्र आणलंयस म्हणतेस, थेट माझ्या नावावर, नेलिदा मध्ये नाही. बरं झालं. ठेव तिथे. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर ओब्दुलियाचा फोटो हवा? मला कशाला विचारतेस? तिच्या वतीनं मी एकदा हो म्हणून बसलेय. तिलाच विचार. तिसरं घर, खिडकीला निळी जाळी, एदेर असेल, तो दार उघडेल. मी? मी नाही येत. मी दार वाजवलं की आतून ती विचारते, कोण — मी नाव सांगते, आणि मग आत कुणीच नसल्यासारखं होतं.

जा आता. माझं नाव सांगू नकोस.