क तुकडीची रेघ

नाही देवराव, एकच रेघ नाही — बापूसाहेब हेडमास्तर आहेत, त्यांनी एकच सांगितली असेल, पण तुमी शिडीवरून उतरा, ब्रश खाली ठेवा अन् माझं ऐका. कापडावर चार चौकटी आखा. अ, ब, क, ड. प्रत्येक चौकटीत पूर्ण शाळेची गणिताची सरासरी, फिक्कट राखाडी, तुटक-तुटक — अन् तिच्या जोडीले त्या-त्या तुकडीची रेघ, जाड, लाल. हो, राखाडी चारही ठिकाणी तीच. काहून म्हणता? चारही तुकड्या एकाच चौकटीत घालून पाहिल्या मी फळ्यावर — सुताचा गुंता झाला, कोणती कोणाची ते मलेच कळेना. बापूसाहेब हसले. हसू द्या.

आता हा आकडा पाहा. क तुकडी, गणित, एक्केचाळीस. शाळेची सरासरी पन्नास. उद्याच्या बैठकीत संस्थेचे लोक एवढंच पाहतील — खाली आहे ना, मग करा बंद, अडतीस पोरं-पोरी घरी. पण दोन वर्षांच्या पाच चाचण्या ओळीनं मांडा. एकोणीस, अठरा, सव्वीस, चौतीस, एक्केचाळीस. अन् राखाडी? पन्नासावर बसून आहे, जागची उठत नाही. अ तर सत्तरवरून बासष्टवर उतरली — तिले कोणी बंद करते का? वकिलांची पोरं आहेत तिथं. तुमी हसून राहिले, म्हणजे तुमाले समजलं.

चढली कशी? मी काही जादू नाही केली. सकाळची शाळा, पहिला तास गणिताचा — अन् क मधली निम्मी पोरं मळेवाल्यांची. भाजीबाजारात हर्रास, बोली लागून लिलाव झाल्याशिवाय माल सोडून येतील कशी? येत ती दुसऱ्या तासाले, अंगाले सांबार-कोथिंबिरीच्या जुड्यांचा वास घेऊन, तोवर माझं गणित शिकवून झालेलं. मी त्यांले मंद म्हणत होतो. मग एक दिवस बाजारात वांगे घ्याले गेलो. तानुबाई मळेवालीच्या पाटीवर तिची लेक शकुन बसलेली, माझ्याच वर्गातली. नवे किलो आलेले — मी अमरावतीचा बी.ए., शेराचे किलो कागदावर करून राहिलो, अन् ही पोरगी तोंडी सांगून मोकळी. वर म्हणते, "गुरुजी, तुमचं चुकलं." चाचणीत तिले सात मार्क दिले होते मी. तेव्हा गणित मधल्या सुटीनंतर नेलं. एवढंच.

मग बंद करायचं निघालं कोठून? संस्थेले लिहिलेलं एक पत्र आहे, मागच्या वर्षीचं. तुकडी मंद आहे, चालवण्यात अर्थ नाही, असं. कोणाचं म्हणजे — उद्या बापूसाहेब वाचतील, खालचं नावही वाचतील. माझं आहे. हो. मले अ पाहिजे होती, क गळ्यातून काढायची होती, म्हणून लिहिलं. झालं समाधान? आता ते पत्र वाचून झालं की समोर हे कापड दिसलं पाहिजे, बस. नोकरी कच्ची आहे माझी, जाईल तर जाईल.

तुमचं? तुमाले शाळेचं काम पुन्हा मिळणार नाही, हे खरं. घरी लेकरं आहेत, मी कोण तुमाले भरीस पाडणारा. आणा, तो लाल डबा इकडे द्या. तुमी जा. कोणी विचारलं तर सांगा, मास्तरनं हाकलून लावलं. शिडी राहू द्या.