थांबायच्या आधी

बैलगाडी थांबली, तरी वरचा माणूस पुढेच का जातो? मास्तरांना विचारलं, तर त्यांनी मलाच वर्गाबाहेर काढलं. म्हटलं, आपणच बघू.

नेऱ्याहून पनवेलच्या बाजारात मडकी नेत होतो. थोरला भाऊ अण्णा मागे मडकी सांभाळत उभा. मी अचानक कासरा ओढला. बैल थांबले आणि अण्णा माझ्या डोक्यावरून थेट बैलाच्या पाठीवर! मागोमाग दोन मडकी.

"अण्णा, मी फक्त बैल थांबवले!"

"बैलांना सांगितलंस, मला नाय सांगितलंस! थांबायच्या आधी बोलत जा, गाढवा."

गेल्या महिन्यात अण्णा तापाने गेला. उशाकडून खांदा मीच दिला होता. वाटेत विसावा आला, तेव्हा त्याच्या कानाशी म्हटलं, "अण्णा, थांबतोय हां."