मीनूचं पहिलं वाक्य

आम्ही भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो ना, तेव्हाची गोष्ट. माझी धाकटी बहीण मीनू तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. घरी मराठी, बाहेर हिंदी, म्हणून पोरीचा मेंदू गोंधळलाय, असं सगळे म्हणायचे. बाबांनी घरात मराठी बंदच केली. आईला हिंदी धड येत नव्हती, त्यामुळे तीच मुकी झाली.

शेवटी दवाखान्यातल्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मीनूचे कान तपासले. ते चांगले होते. मग त्या आईला म्हणाल्या, "दोन भाषांनी मेंदू गोंधळत नाही हो. पण तुम्हीच गप्प राहिलात, तर ही शिकणार कुणाकडून?"

आई पुन्हा मराठीत बोलायला लागली, दिवसभर. दोनेक महिन्यांनी शेजारच्या भाभी दारात आल्या. "मीनू, मम्मी से पूछो, दही है क्या?"

मीनू स्वयंपाकघरात आली. "आई, दही आहे?"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. कसंबसं म्हणाली, "अजून लागलं नाही गं."

मीनू परत दाराशी गेली. "अभी जमा नहीं, आंटी."

आई डोळे पुसत बाहेर धावली आणि भाभींचा हात धरून म्हणाली, "और माँगो ना भाभी, कुछ भी माँगो!"